धनुर्विद्येचे प्रथम पाठ : काही ऐतिहासिक विचार

स्मरणिकेकरिता यंदाही काही इतिहासविषयक मजकूर द्यावा अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आपल्या येवल्याची स्थापना करणारे रघोजी नाईक, येथे येऊन स्थिरावलेले विणकर, पैठणीच्या पदरावरील मोर व मुनिया, येवल्यात जन्मलेले सेनानी तात्या टोपे यांविषयी या पृष्ठांत यापूर्वी पुष्कळांनी लिहिले आहे. त्याच पाण्यात पुन्हा घागर बुडविण्याचे आम्हांस प्रयोजन दिसेना. इतक्यात कार्यकारी मंडळाने उन्हाळ्याच्या सुटीत ज्ञातीतील मुलामुलींकरिता तिरंदाजीचा प्राथमिक वर्ग काढण्याचे ठरविले आणि त्याची व्यवस्था पाहण्याचे काम आमच्यासारख्या निवृत्त मास्तरावर सोपविले. आम्ही स्वतः धनुर्धर नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि हयात खडूच्या धुळीत गेलेली. तथापि जे शिकवावयाचे ते आधी आपण समजून घ्यावे ही जुनी खोड असल्यामुळे नाशिक येथे एका प्रशिक्षकाजवळ काही दिवस बसून नवशिक्यांस कसे शिकवितात ते पाहिले, आणि घरी आल्यावर जुन्या ग्रंथांत याविषयी काय सांगितले आहे तेही धुंडाळले. त्या खटाटोपातून हा लेख निघाला आहे. शेवटी एक खासगी गोष्टही सांगितली आहे. ती सांगावी की न सांगावी याविषयी आमच्या मनात बरीच चलबिचल होती.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. आम्ही वर्गात आयुष्यभर जो शब्द सर्वांत अधिक वेळा उच्चारला असेल तो म्हणजे ‘लक्ष’. मुलांनो, लक्ष द्या; तुझे लक्ष कोठे आहे; लक्षात ठेव. हा शब्द धनुर्धराच्या अंगणातून शाळेत आलेला आहे. लक्ष म्हणजे ज्यावर बाण मारावयाचा ती वस्तू. धनुष्याच्या दोरीस संस्कृतात ‘गुण’ म्हणतात. आपण ‘ठाण मांडून बसला’ असे एखाद्या हट्टी पाहुण्याविषयी म्हणतो, पण ‘ठाण’ म्हणजे बाण सोडण्यापूर्वी घेतलेला पायांचा पवित्रा होय. ‘तिरंदाज’ आणि ‘कमान’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले आणि कमान तर पुढे आपल्या वाड्यांच्या दरवाजांवरही जाऊन बसली. ज्या विद्येचे शब्द नित्याच्या बोलण्यात इतके मुरले आहेत ती विद्या एके काळी किती घरांतून वावरत असेल याची कल्पना यावरून यावी.

धनुर्विद्या शिकवावी कशी, याचा सुसंगत विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. अग्निपुराणात धनुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहेत आणि वसिष्ठाच्या नावावर चालत आलेली धनुर्वेदसंहिताही उपलब्ध आहे. हे ग्रंथ वाचताना आमच्यातील शिक्षकास विशेष आनंद झाला तो असा, की त्यांत पराक्रमाची वर्णने थोडी असून पाठ्यक्रम अधिक आहे. प्रथम पाय. समपद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ अशी स्थाने सांगून दोन पावलांत किती वितींचे अंतर असावे, कोणता गुडघा ताठ व कोणता वाकलेला असावा हे मोजून दिले आहे. नंतर मूठ. पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी, काकतुंडी अशी मुठींची नावे आहेत. त्यानंतर ओढ. दोरी कोठपर्यंत ओढावयाची त्याचे पाच प्रकार : केसांच्या मुळाशी आली तर कैशिक, कानाशी आली तर वत्सकर्ण, मानेशी भरत, खांद्याशी स्कंध, आणि सात्त्विक नावाचा आणखी एक. लक्षांचेही चार भेद केले आहेत. धनुर्धर स्थिर आणि लक्ष स्थिर, येथून आरंभ करून धनुर्धरही चालता आणि लक्षही चालते, येथवर शिष्यास न्यावयाचे आहे. सोप्याकडून अवघडाकडे जावे हे सूत्र अध्यापन विद्यालयात जणू काही विलायतेहून नुकतेच आले आहे अशा थाटात आम्हांस शिकविले गेले होते!

अंतराचा हिशेब तर फारच मनोरंजक आहे. वसिष्ठाच्या संहितेत साठ धनुष्यांवर ठेवलेले लक्ष श्रेष्ठ, चाळिसांवरील मध्यम आणि विसांवरील कनिष्ठ मानले आहे. अग्निपुराणाने उत्तम धनुष्य चार हातांचे सांगितले आहे. एक हात म्हणजे दीड फूट धरला, तर चाळीस धनुष्यांचे अंतर २४० फूट, म्हणजे सुमारे ७३ मीटर होते. आज ऑलिंपिक सामन्यात लक्ष ७० मीटरांवर ठेवतात. आजचे जगज्जेतेही आमच्या ग्रंथकारांच्या मते ‘मध्यम’ अंतरावरच नेम धरीत आहेत, असे म्हणून आपली पाठ थोपटून घेण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु तो मोह आवरावा हे बरे. आजचे लक्ष १२२ सेंटिमीटर व्यासाचे असले तरी पुरे दहा गुण देणारे मधले वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरांचे, म्हणजे नाश्त्याच्या बशीएवढे असते. आणि त्यावर एक बाण लागून भागत नाही, लागोपाठ बाण लागावे लागतात. त्याच संहितेत दिवसाकाठी चारशे बाण सोडील तो श्रेष्ठ, तीनशे सोडील तो मध्यम आणि दोनशे सोडील तो कनिष्ठ असेही म्हटले आहे. ही संख्या मात्र आजच्या कसलेल्या खेळाडूंच्या सरावाशी पुष्कळशी जुळते, असे नाशिकच्या त्या प्रशिक्षकांनी आम्हांस सांगितले.

इंग्रजीतही या विद्येचे पहिले पुस्तक लिहिणारा मनुष्य आमच्याच व्यवसायातला निघावा ही गंमत आहे. इंग्लंडातील रॉजर ॲस्कम हा केंब्रिजचा पंडित. त्याने १५४५ साली ‘टॉक्सोफिलस’ नावाचा संवादात्मक ग्रंथ लिहून आठव्या हेन्री राजास अर्पण केला आणि त्याबद्दल त्यास वार्षिक दहा पौंडांची नेमणूक मिळाली. पुढे तो राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. उभे राहणे, बाण दोरीस लावणे, ओढणे, धरून राहणे आणि सोडणे अशी पाच अंगे त्याने सांगितली. इंग्रजी जाणणारे प्रशिक्षक आजही त्याच क्रमाने शिकवितात. याच ॲस्कमने उतारवयात शिक्षकांकरिता दुसरा ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १५७० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांस मारून शिकवू नये, मारामुळे ती विद्येचाच द्वेष करू लागतात, हा त्यातील एक मुख्य विचार आहे. बाण कसा सोडावा हे ज्याने सांगितले त्यानेच छडी सोडा असेही सांगावे, हे आम्हांस उगाचच अर्थपूर्ण वाटले.

आता प्रत्यक्ष वर्गात काय चालते ते सांगतो, कारण ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांची अशी समजूत दिसते की मुलाच्या हाती धनुष्य दिले आणि समोर गोल चित्र लावले म्हणजे वर्ग सुरू झाला. पहिले कित्येक दिवस मुलाच्या हाती बाण येतच नाही. आधी त्याचा कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहतात. दोन्ही पंजे पुढे करून त्यांच्या मध्ये लहानसे छिद्र ठेवावयाचे, त्यातून दूरची एखादी वस्तू पाहावयाची, आणि मग एकेक डोळा मिटावयाचा. ज्या डोळ्यास ती वस्तू छिद्रात दिसत राहते तो प्रबळ. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा डावा डोळा प्रबळ असू शकतो, आणि हे न पाहता शिकविले तर ते मूल वर्षभर नेम चुकवून ‘मला येत नाही’ म्हणत घरी जाते. आम्हांस हे कळले तेव्हा गणितात ‘ढ’ ठरविलेले आमचे किती विद्यार्थी चुकीच्या डोळ्याने पाहत होते कोण जाणे, असा विचार मनात आला.

त्यानंतर रबराची पट्टी. डाव्या हाताने ती धरून उजव्या हाताच्या तीन बोटांनी हनुवटीपर्यंत ओढावयाची, थांबावयाचे, आणि हळूच परत न्यावयाची. ओढ दंडाने घ्यावयाची नाही, पाठीने घ्यावयाची. दोन्ही खवाटे एकमेकांच्या जवळ येत आहेत असे वाटले पाहिजे. बैठ्या मागावर बसणाऱ्या घरातील मुलांस हे लवकर समजेल असे आम्हांस वाटते. ज्याने आजोबांस धोटा टाकताना व फणी ओढताना पाहिले आहे, त्यास काम मनगटाचे दिसले तरी ते कोठून येते हे ठाऊक असते. मग हलके धनुष्य येते, चौदापासून वीस पौंड ओढीचे. मोठे पुरुष खेळाडू चाळीस-पन्नास पौंड ओढतात म्हणून मुलासही तसेच द्या असा आग्रह पालक धरतात; त्याने खांदा दुखावतो आणि कायमची वाईट सवय लागते. पहिला बाण पाच पावलांवरच्या पेंढ्याच्या भाऱ्यावर सोडतात, आणि त्या भाऱ्यावर कसलेही चित्र नसते. मुलाने डोळे मिटून बाण सोडावा असेही सांगतात. समोर वर्तुळ दिसले की मन तिकडे धावते आणि शरीर विसरते. म्हणून आधी शरीर, मागाहून लक्ष. द्रोणांनी झाडावर पक्षी ठेवून शिष्यांची परीक्षा घेतली आणि अर्जुनास फक्त त्याचे डोके दिसले, ही कथा आपण मुलांस पहिल्याच दिवशी सांगतो. वास्तविक ती परीक्षा शिक्षण झाल्यावरची आहे, हे आम्ही स्वतः चाळीस वर्षे ध्यानात घेतले नव्हते. त्याहून अंधारातील जेवणाची गोष्ट नवशिक्यांच्या अधिक कामाची. दिवा वाऱ्याने विझला तरी हात तोंडाकडे बिनचूक जातो हे पाहून अर्जुन रात्री सराव करू लागला. पेंढ्यापुढे डोळे मिटणे ते हेच.

दोरी प्रत्येक वेळी चेहऱ्याच्या एकाच ठिकाणी यावी याविषयी फारच कटाक्ष असतो. ती बोटभर मागेपुढे झाली तर दूरवर बाण हातभर ढळतो. कैशिक, वत्सकर्ण, भरत ही नावे देऊन आमच्या पूर्वजांनी नेमके हेच बांधून टाकले होते. आणि सोडणे म्हणजे फेकणे नव्हे. बोटांची पकड सैल होते आणि दोरी आपणहून निसटते. हात मात्र बाण लागेपर्यंत जेथल्या तेथे राहतो. मुलांस सर्वांत अवघड जाते ते हे, कारण बाण सुटताक्षणी कोठे लागला ते पाहण्याची घाई असते.

वाऱ्याचे मात्र येवल्याच्या मुलास फारसे शिकवावे लागणार नाही. संक्रांतीच्या तीन दिवसांत ज्याने गच्चीवर उभे राहून आसारी फिरविली त्यास वारा कोणत्या गल्लीतून फिरतो, हे कोणा प्रशिक्षकाहूनही अधिक कळते.

शिस्तीविषयी दोन शब्द पालकांकरिता. सर्व मुले एकाच रेषेवर उभी राहतात. दोन शिट्ट्या झाल्या म्हणजे रेषेवर यावयाचे, एक झाली म्हणजे बाण सोडावयाचे, तीन झाल्या म्हणजे थांबून बाण आणावयास जावयाचे. लागोपाठ शिट्ट्या वाजल्या तर दोरी ओढलेली असली तरी बाण खाली उतरवावयाचा. हा नियम जगभर आहे. एकही बाण बाहेर असताना रेषेपुढे पाऊल टाकणाऱ्या मुलास त्या दिवसापुरते बसविले जाईल. मग ते कार्यकारी मंडळाच्या सभासदाचे असले तरी.

येथपर्यंत सारे सुखाचे झाले. आता ज्या प्रश्नावरून कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दोन तट पडले त्याकडे वळणे प्राप्त आहे. वर्ग ज्ञातीच्या पैशाने, ज्ञातीच्या मंगल कार्यालयामागील जागेत भरणार. तेव्हा त्यात इतर मुलांस, विशेषतः गावाबाहेरील वस्तीतील भिल्लांच्या मुलांस घ्यावे की न घ्यावे? घ्यावे असे आम्ही म्हटले तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हसून विचारले, ‘गुरुजी, त्यांस तिरंदाजी आम्ही काय शिकविणार?’ हे वाक्य त्यांनी थट्टेने उच्चारले. आम्हांस ते इतिहासाचा प्रश्न म्हणून गंभीर वाटते.

भिल्ल हे नावच धनुष्यवाचक द्राविडी शब्दावरून आले असावे असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. खानदेश व नाशिक भागातील भिल्लांचा कामठा बांबूचा असे, आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची पट्टी काढून केलेली. बाण बरूचा, त्यास लोखंडी अणी व पिसे. पाखरांकरिता बोथट टोकाचा बाण निराळा. १८५७ च्या धामधुमीत आपले तात्या टोपे उत्तरेत इंग्रजांशी लढत असता इकडे सिन्नर तालुक्यात भागोजी नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्ल उठले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूरशिंगोटे येथील चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा इंग्रज अधिकारी पडला. तात्या टोप्यांस १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे फाशी झाली. भागोजी नाईक त्यानंतर सात महिने झुंजत राहिले आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरे येथे लढताना मारले गेले. येवल्याहून मिठसागरे फार दूर नाही. एकाचे नाव आपल्या प्रत्येक मुलास पाठ आहे, दुसऱ्याचे आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे. पुढे १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्याने बंदुका व तलवारींच्या रांगेत धनुष्यबाणासही बसविले. रानात राहणाऱ्याचे नित्याचे हत्यार कागदोपत्री गुन्ह्याचे साधन बनले.

आणि ग्रंथ? ज्या ग्रंथांची आम्ही वर इतकी वाखाणणी केली, त्यांतच हेही आहे की ब्राह्मणास धनुष्य द्यावे, क्षत्रियास खड्ग, वैश्यास भाला आणि शूद्रास गदा. अग्निपुराण म्हणते की या वेदाचा गुरू ब्राह्मण असावा व त्याने दोन वर्णांस शिकवावे. शूद्राने संकटसमयी लढावे, पण शिक्षण मात्र आपले आपणच मिळवावे. आपले आपणच! एकलव्याची सर्व कथा या एका विधानात सामावली आहे. निषादराज हिरण्यधनूचा हा मुलगा द्रोणांकडे आला, त्यांनी नाकारले, त्याने मातीची मूर्ती करून तिच्यापुढे सराव केला आणि ज्यांनी काहीही शिकविले नाही त्यांनी गुरुदक्षिणा म्हणून अंगठा मागितला. आमच्या वेळच्या क्रमिक पुस्तकांतून ही कथा गुरुभक्तीचा आदर्श म्हणून शिकविली जात असे आणि आम्हीही ती तशीच शिकविली. भिल्ल तिरंदाज दोरी ओढताना अंगठा लावीत नाहीत, तर्जनी व मध्यमा यांनीच बाण धरतात, आणि ते एकलव्याच्या स्मरणार्थ असे सांगितले जाते. योगायोगाची गोष्ट अशी, की आजच्या जागतिक सामन्यांतील खेळाडूही तीन बोटांनीच ओढतात. अंगठा बाजूस राहतो. आज एकलव्य मैदानात उतरला असता तर त्याचे काहीही अडले नसते.

विद्या नाकारण्याचा विषय येवल्यात काढताना आणखी एक स्मरण टाळता येत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच गावी भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. आणि आपल्या विणकरांविषयी म्हणावयाचे तर आपणही या बाबतीत निर्दोष नाही. येवल्यातील रेशमी कामाचा मक्ता दीर्घकाळ ठराविक घराण्यांकडे होता, तो इंग्रजी अमलात मोडला. पदरावरील नक्षीचे काम सुनेस शिकवावे, माहेरी जाणाऱ्या लेकीस शिकवू नये, असे आमच्या लहानपणी म्हातारी माणसे उघड बोलत. आज पैठणीच्या मागावर नाना ज्ञातींची माणसे बसतात. त्यामुळे आपले पोट बुडाले असे कोणी म्हणेल तर आम्ही त्याशी वाद घालू. उलट मागांची संख्या त्यामुळेच टिकली.

आता अलीकडचे पाहा. ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी १९२० नंतर बंद होती, ती १९७२ साली पुन्हा आली. भारताचे तिरंदाज प्रथम १९८८ मध्ये सोल येथे गेले आणि त्यांत राजस्थानच्या आदिवासी भागातील लिंबाराम होता. रानातील बांबूच्या धनुष्यावर वाढलेल्या मुलांस सरकारने हेरून शिकविले, त्याचे हे फळ. आपल्या महाराष्ट्राची कथा तर याहून जवळची आहे. सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजूर आईबापांचा मुलगा प्रवीण जाधव. जिल्हा परिषद शाळेतील विकास भुजबळ या गुरुजींनी त्यास खेळाकडे वळविले. तो प्रथम धावत असे, धनुष्य मागाहून आले. अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत तो शिकला, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत भारतीय संघाबरोबर त्याने रौप्यपदक मिळविले, आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या रशियन खेळाडूस त्याने ६-० असे हरविले. साताऱ्याच्याच आदिती स्वामीने ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे सतराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळविले. तिचे वडीलही शिक्षक. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने दीडशेपैकी दीडशे गुण घेऊन पुरुषांचे जगज्जेतेपद जिंकले. ही दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकली, आणि ती शाळा उभी आहे उसाच्या रानात. दोघांस अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या देशात अर्जुनाच्या नावे खेळाडूंस आणि द्रोणांच्या नावे गुरूंस पुरस्कार आहेत. एकलव्याच्या नावे केंद्र सरकारने आदिवासी मुलांकरिता निवासी शाळा काढल्या आहेत. पदक अर्जुनास व शाळा एकलव्यास, ही वाटणी आम्हांस वाईट वाटत नाही. पदकापेक्षा शाळाच त्यास हवी होती.

सरड्याच्या त्या गुरुजींविषयी वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. त्याचे कारण सांगून हा लेख संपवितो.

१९८६ साली आम्ही तालुक्यातील एका खेड्यात चौथीच्या वर्गास शिकवीत होतो. वर्गात एक भिल्ल मुलगा होता. वाचनात मागे, हजेरीत त्याहून मागे. एके दिवशी तो तीरकामठा घेऊन शाळेत आला आणि मधल्या सुटीत त्याने चिंचेवरील एक वाळका आकडा देठातून तोडून पाडला. मुलांनी गलका केला म्हणून आम्ही बाहेर आलो. त्याने आमच्याकडे पाहिले ते शाबासकीच्या अपेक्षेने, हे आज आम्हांस स्पष्ट दिसते. आम्ही त्याच्या कानशिलात लगावली, कामठा हिसकावून घेतला व कपाटात कुलुपात ठेवला. वडिलांस घेऊन ये, मग देईन, असे सांगितले. वडील आले नाहीत. मुलगाही दुसऱ्या दिवसापासून आला नाही. दिवाळीनंतर ती वस्ती ऊसतोडीस निघून गेली आणि हजेरीपटावर आम्ही त्याच्या नावापुढे लाल शाईने रेघ ओढली. आमची बदली झाली तेव्हा कपाटाचा ताबा देताना कामठा निघाला. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद नसल्यामुळे पुढच्या गुरुजींनी तो घेण्यास नकार दिला. तेव्हा तो आमच्या घरी आला आणि माळ्यावर पडून राहिला. त्यास पाहून आमच्या सौभाग्यवतींनी एकदाच विचारले होते, ‘अहो, हा कोणाचा?’ आम्ही उत्तर दिले नाही.

मागील महिन्यात तो खाली काढला. बांबूस कीड लागलेली नाही, परंतु दोरीची पट्टी मधोमध तडकली आहे. वस्तीवरील एका म्हाताऱ्या बाबांकडे आम्ही तो घेऊन गेलो. त्यांनी हातात घेताच कोणत्या बाजूचा बांबू आहे ते सांगितले आणि नवी पट्टी काढून देण्याचे कबूल केले. पैसे विचारले तर म्हणाले, ‘गुरुजी, पोरं येऊ द्या की तुमच्या वर्गाला, मग बघू.’

राष्ट्रीय स्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यास इंडियन राउंड म्हणतात आणि त्याची अंतरे ५० व ३० मीटर आहेत. मोठ्या किमतीचे परदेशी धनुष्य न घेता आपला वर्ग याच प्रकारापासून सुरू करता येईल, आणि त्याकरिता कामठा करणारा जाणता मनुष्य आपल्या गावाच्या वेशीवरच आहे. त्या बाबांस वर्गात मानधन देऊन बोलवावे व वस्तीतील मुलांस विनाशुल्क प्रवेश द्यावा, असा ठराव आम्ही आगामी वार्षिक सभेकरिता लेखी दिला आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही. ज्यांची इच्छा असेल त्यांनी सभेपूर्वी चिटणिसांकडे नाव द्यावे. पेंढ्याच्या भाऱ्यांची मात्र गरज दोन्ही परिस्थितींत आहे. ज्या बांधवांची शेती आहे त्यांनी चैत्रापर्यंत पंधरा-वीस भारे घट्ट बांधून कार्यालयाच्या मागील पडवीत आणून टाकावेत. भारे कोरडे असावेत, कारण ओल्या पेंढ्यात रुतलेला बाण मुलांस उपसत नाही.